सोबती की स्वतः

४ जानेवारी

चि. ठिणगीस,

मामाचा आशीर्वाद. पत्र उशिरा पोचलं तरी आशीर्वाद त्याच दिवशी निघालेला असतो, एवढं ध्यानात ठेव.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. फोनवरच्या निरोपाला उत्तर यायला पाच मिनिटं लागली की समोरचा माणूस एकतर मेला नाहीतर आपल्याला विटला, असं तुला वाटतं. म्हणून मामा-भाचीने वर्षभर फक्त टपालाने बोलावं, हा त्यांचा उपाय मला फार आवडला. उशीर हाच ज्याचा धर्म, त्याच्यावर उशिराबद्दल रुसणार कसं? आमच्या कोशाच्या कार्यालयाचंही हेच आहे. संस्कृत शब्दांचा कोश माझ्या साहेबांच्या साहेबांनी सुरू केला आणि आम्ही आता 'प'पर्यंत आलो आहोत. 'शांती' येईल तेव्हा मी नसेन.

तुझ्या आजाराचं नाव मी कागदावर लिहून टेबलासमोर लावलं होतं: सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार. म्हटलं रोज डोळ्यांसमोर राहिलं म्हणजे भीती मोडेल. शिपायाने वाचलं आणि विचारलं, घरातलं कोणी सैन्यात आहे का. मी म्हटलं हो, भाची आहे, रोज लढते.

आता त्या ॲपबद्दल. मनावरचा ताण मोजणारं यंत्र खिशात बाळगायचं, आणि ताण वाढला की त्याने जवळच्या माणसाला कळवायचं, ही कल्पना मला पटली. ते जवळचं माणूस म्हणून तू मला निवडलंस, याने छाती दोन बोटं फुगली. तू पाठवलेला कोड टाकला. लगेच प्रश्न आला: 'तुम्ही कोण? स्वतः / सोबती.'

ठिणगे, मी खुर्चीत सरळ बसलो. ज्या प्रश्नापायी लोक पूर्वी घरदार सोडून अरण्यात जायचे, तो प्रश्न मला जेवणानंतर, हात पुरते कोरडे व्हायच्या आत विचारला गेला. सोबती तर मी आहेच. पण मी 'स्वतः' नाही, असं लेखी कसं द्यायचं? बराच विचार करून दोन्हींवर खूण केली. ॲपने हरकत घेतली नाही. उलट 'स्वागत आहे, ठिणगी' असं म्हणालं. तुझं नाव घेऊन माझं स्वागत करण्याची ही रीत मला मोठी सुसंस्कृत वाटली.

तेव्हापासून ते दिवसातून तीनदा विचारतं, 'आता कसं वाटतंय?' तुझ्या मामीने हा प्रश्न लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिला. इतक्या आस्थेने कोणी विचारल्यावर खरं सांगणं आलं. पण उत्तरं फक्त पाच: आनंद, दुःख, राग, भीती, कंटाळा. आपल्या जुन्या लोकांनी मनात येऊन-जाऊन असणाऱ्या भावांची तेहतीस नावं करून ठेवली होती. अमर्ष म्हणजे अपमान गिळून आतल्या आत धुमसत राहणं. मला बहुतेक वेळा तेच होत असतं आणि त्याला इथे जागाच नाही. मग नाइलाजाने 'राग' दाबतो. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांनी ट्रम्पेट शिकायला घेतलं आहे. रोज साडेपाचला, आणि रोज तेच तीन सूर. चौथा सूर बहुधा कर्जावर काढायचा आहे.

तुझं काम कसं चाललंय ते सविस्तर लिही.

तुझा,
मामा


१३ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र आल्या आल्या उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. तू कोड टाकलास हे बरं झालं. बाकी तुझं तत्त्वज्ञान नेहमीप्रमाणे डोक्यावरून गेलं, पण तू तिकडे आहेस म्हटलं की बरं वाटतं.

मुख्य बातमी. मालकांनी मला अख्खी कवळी दिली आहे. म्हणजे करायला. आजवर मी नुसती पॉलिश करत होते आणि मोडलेल्या कवळ्या सांधत होते. ही एका नाटकवाल्या आजींची आहे. ऐंशीच्या जवळ आल्या आहेत. पुढच्या महिन्यात एकटीच्या बळावर अख्खा प्रयोग करणार आहेत, आणि जुन्या कवळीत 'स' म्हणताना शिट्टी वाजते. नुसत्या मेणात दात बसवून त्यांना घालून दाखवले, तर आरशात बघून म्हणाल्या, "फार सरळ आहेत गं. मी एवढी सज्जन कधीच नव्हते." त्यांचा स्वतःचा पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता. मी तो तसाच चढवणार आहे. हिरड्या मेणात कोरतेय. हिरडी कोरणं म्हणजे काय मजा असते ते तुला सांगून कळणार नाही, तुझ्या कोशात तो शब्द अजून यायचाय.

पण मामा, ह्या वेळी चुकायला नको. तुला माहीत आहे मी कशी आहे. माझ्या डोक्यात माणसं एकतर देव असतात नाहीतर राक्षस, आणि दुपारच्या चहापर्यंत त्यांची बदली होते. मालक नुसतं 'हं' म्हणाले की मी राजीनामा लिहायला बसते. मागच्या वेळी त्यांनी तो परत दिला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी दिलास तर मी घेणार. दरवेळी 'नको, नको' म्हणायला मला आता दम लागतो." गंमत नव्हती त्यात. त्यांना खरंच दम लागतो. आणि ही नोकरी गेली तर मला दुसरीकडे कोणी उभं करणार नाही, कारण गावातल्या बाकी सगळ्या लॅबमधून मी आधीच बाहेर पडलेय.

म्हणून ॲपचा एक भाग मी मालकांनाही जोडून दिलाय. माझं मीच सुचवलं. रोज सकाळी त्यांच्या फोनवर माझा ठिपका दिसतो: हिरवा, पिवळा, नाहीतर लाल. आदल्या दिवशीचा सगळ्यात वाईट रंग तोच सकाळी दिसतो. लाल असला तर त्या दिवशी मला नाजूक काम द्यायचं नाही, एवढंच. मला स्वतःला तो ठिपका आणि सगळा आलेख दिसत नाही. डॉक्टरीणबाईंनी बंद करून ठेवलाय, कारण मी तो सारखा उघडून बघायचे आणि आलेख वाकडा दिसला म्हणून आणखी चिडायचे. पण मला माहीत आहे की मी हिरवी आहे. खरंच. चीड आली की ॲपमधला निळा गोल बघत श्वास घेते, भावनेचं नाव लिहिते, थांबते. जमतंय मला.

एक विचारू? तू मला रोज संध्याकाळी 'धीर' का पाठवतोस? फोनवर येतं, 'तुमच्या सोबत्याने तुम्हाला धीर दिला आहे.' त्या वेळी मी मजेत चहा पीत असते. माझ्या पत्रांतून मी बिघडल्यासारखी वाटते का?

ठिणगी


२१ जानेवारी

चि. ठिणगीस, आशीर्वाद.

कवळीची बातमी मामीला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, पोरीला म्हणावं माझीही करून ठेव, तुझ्या मामाबरोबर दात-ओठ खाऊन माझे झिजले. नाटकवाल्या आजींचा तो चढलेला दात तू चढवच. ज्या व्यंगाने माणूस ओळखू येतो, त्याला व्यंग म्हणू नये.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. देण्याची इच्छा नाही असं नाही, मुभा नाही. सोबत्यासाठी ॲपचा सक्त नियम आहे: 'विचारू नका, उपदेश करू नका, फक्त धीर द्या.' उपदेशाशिवाय मामा म्हणजे मिठाशिवाय समुद्र, पण मी पाळतो आहे. एवढंच सांगतो की मला सगळं कळतं. तू 'मजेत आहे' असं लिहितेस त्यामागे काय आहे, तेही कळतं. तुझ्या धैर्याचं कौतुक वाटतं.

इकडे ट्रम्पेट आता सकाळीही सुरू झालं आहे. मी जिन्यात गाठून बँकवाल्यांना विनयाने सुचवलं की वाद्याला विश्रांतीचीही गरज असते. ते म्हणाले, गुरूंनी रोज तीन तास सांगितलेत, आणि तुमच्यासारखा रसिक खाली राहतो हे माझं भाग्य. मी घरी येऊन 'राग' दाबला. बोट उचलतो न उचलतो तोच, सोबती म्हणून मला एक सूचना आली. कशाची, ते नियमामुळे सांगत नाही. मी तातडीने 'धीर' पाठवला. मग मलाच काळजी लागली, म्हणून 'भीती' दाबली. लगेच दुसरी सूचना. पुन्हा धीर. पुन्हा भीती. दिवेलागणीपर्यंत हे चाललं होतं. मामीने विचारलं, कोणाशी भांडताय. मी म्हटलं, भांडत नाही, सेवा करतोय.

तो निळा गोलही मी करून पाहिला. तो फुगला की श्वास घ्यायचा, आकसला की सोडायचा. चष्मा नसल्याने मला त्याचं आकसणं दिसलं नाही. मी बराच वेळ घेतच राहिलो.

स्वतःला जप. मी आहे.

मामा


३० जानेवारी

मामा,

हे माझं शेवटचं पत्र आहे.

मालकांनी कवळी काढून घेतली. मला काही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी आले तर माझ्या टेबलावर ती नव्हती. चष्मेवाल्याच्या टेबलावर होती. चष्मेवाला म्हणजे आमच्याकडचा जुना कारागीर, ज्याचे सगळे दात एकसारखे असतात, आजोबांचे असोत की नवरीचे. त्याने माझा चढलेला दात सरळ करून ठेवला होता. मी विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय त्यात? मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन दिवस पॉलिश कर, बरं वाटेल." बरं वाटेल. म्हणजे मी आजारी दिसते. मी आठवडाभर किती शांत होते, मामा. मी श्वास घेत होते.

डॉक्टरीणबाईंकडे गेले तर त्याही विचित्र वागल्या. म्हणाल्या, तुमचा आलेख मला ओळखू येत नाही. पूर्वी तुमचा राग वीज पडल्यासारखा यायचा आणि जायचा. आता रोज ठरल्या वेळी, पेन्शन घ्यायला आल्यासारखा येतोय. साडेपाचला काय करता तुम्ही? मी म्हटलं, चहात बिस्किट बुडवते. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, पुढच्या वेळी आपण बिस्किटाबद्दल बोलू.

म्हणजे मी रागावतेय आणि मला कळतही नाही. सगळ्यांना दिसतंय, मलाच दिसत नाही. आणि तुला तर आधीपासून माहीत होतं. 'मला सगळं कळतं.' तू लिहिलंयस. तरी गप्प बसलास. तुला मी देव समजत होते.

राजीनामा लिहून झालाय. ह्या वेळी चांगल्या कागदावर. मालक सामान आणायला बाहेरगावी गेलेत, येत्या मंगळवारी येतील. आले की टेबलावर ठेवणार. ते घेणार आहेत, त्यांनी सांगितलंय. मग त्यांनाही दम लागायला नको.

ॲप बंद ठेवलंय. तू उत्तर लिहू नकोस.

ठिणगी


२ फेब्रुवारी
(कुरियरने, थेट तुझ्या लॅबच्या पत्त्यावर)

चि. ठिणगीस,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून घाईत लिहितो आहे. टपालावरचा माझा विश्वास आज प्रथमच डळमळला. कुरियरवाल्याने मंगळवारी सकाळी पोचेल असं वचन दिलंय.

राजीनामा देऊ नकोस. निदान हे वाचेपर्यंत देऊ नकोस.

नियम गेला खड्ड्यात, आता सांगतोच. मला ज्या सूचना यायच्या त्या अशा: 'तुमची जवळची व्यक्ती अस्वस्थ आहे. तिला धीर द्या.' रोज यायच्या. म्हणून तर रोज धीर. पण ठिणगे, तू वेडी झालेली नाहीस, आणि तुझा राग तुला न कळता येतो असंही नाही. तो माझ्यामुळे येतो. हे मी फार दिवस ताडून पाहिलं आहे. वर ट्रम्पेट वाजलं आणि मी 'राग' दाबला की त्याच क्षणी तिकडे तू अस्वस्थ होतेस. मुद्रणालयाने 'पद्म'च्या जागी 'पद्य' छापलं, मी कार्यालयातून 'दुःख' दाबलं, तर तुझी सूचना हजर. एका रविवारी बँकवाले लग्नाला गेले होते. मी दिवसभर 'आनंद' दाबला आणि तू दिवसभर शांत. एकदाही अपवाद नाही.

मामा-भाचीच्या रक्तात काहीतरी तार आहे, असं तुझी आजी म्हणायची. मी हसायचो. आता हसत नाही. इतक्या अंतरावरून माझी चीड तुझ्या अंगात उतरते, बोट उचलायच्या आत. यावर कोणी विद्वानाने लिहिलं पाहिजे.

तस्मात्, दोष तुझा नाही. आजपासून मी रागवायचं सोडलं. ट्रम्पेट वाजलं की मी कानात कापूस घालून 'आनंद' दाबतो. तू शांत होशील, मालक कवळी परत देतील. फक्त त्यांना एकदा विचार तरी, का काढून घेतली म्हणून. कोशात आम्ही शब्दाचा अर्थ तर्काने लिहीत नाही, आधी तो ज्यांनी वापरला त्यांच्या ग्रंथांना विचारतो. म्हणून तर 'प'पर्यंतच आलोय. पण जिथवर आलोय तिथवर बरोबर आलोय.

तुझा,
मामा


५ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्यात तू राक्षस होतास. दुसऱ्यात देव. ती दोन्ही फाडली. ह्यात नुसता मामा आहेस, आणि मला तुझा भयंकर राग आलाय. हा माझा राग आहे. माझा स्वतःचा. साडेपाचचा नव्हे.

तार-बीर काही नाही. तू दोन्हींवर खूण केलीस. 'स्वतः' म्हणजे मी, मामा. ज्याचा कोड त्याचं 'स्वतः'. गेला महिनाभर तू माझ्या नावावर रागावत होतास. तू 'राग' दाबलास की ॲपला वाटायचं ठिणगी रागावली, मग ते ठिणगीच्या सोबत्याला कळवायचं, तो सोबती पुन्हा तूच, मग तू घाबरून 'भीती' दाबायचास, मग त्याला वाटायचं ठिणगी घाबरली. आणि ज्या बाईचं नाव ह्या सगळ्यात चाललं होतं, ती इकडे बिस्किट बुडवत होती.

मंगळवारी काय झालं ते सांगते. मालक आठला आले. मी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि प्लास्टरच्या खोलीत जाऊन साचे घासत बसले. कुरियर नंतर आलं. तिथेच उभ्याने वाचलं. 'बोट उचलायच्या आत' इथपर्यंत आले आणि मला कळलं. हातातला साचा पडून फुटला. चष्मेवाल्याचा होता. त्याबद्दल मला विशेष वाईट वाटलं नाही.

धावत गेले तर मालकांनी पाकीट फोडलं होतं आणि वाचायचा चष्मा शोधत होते. तो डोक्यावर होता. मी नेहमीसारखी असते तर काय केलं असतं तुला माहीत आहे: कागद हिसकावून घेतला असता, नाहीतर रडत रस्त्यावर गेले असते. छातीत दोन्ही एकदम चाललं होतं. पण तू लिहिलं होतंस, विचार. राग आला असला तरी तेवढं डोक्यात राहिलं. मी दाराशी उभं राहून विचारलं, "कवळी का काढून घेतलीत?"

मालक म्हणाले, "ठिपका लाल होता ना तुझा. रोज लाल. मला वाटलं, मीच फार ओझं टाकलं पोरीवर."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं. मग म्हणाले, "घाबरलो. तुला काही बोललं की तू जातेस. तू जायला नको होतीस मला."

मामा, मी इतकी वर्षं समजत होते की ह्या माणसाला मी नकोशी आहे. आणि तो मी जाईन म्हणून 'हं'च्या पुढे बोलत नव्हता.

मग मी त्यांना तुझं पत्र वाचायला दिलं. हसता हसता त्यांना खरंच दम लागला, मला पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी माझा राजीनामा घेतला, माझं नाव खोडलं, वर 'मामा' असं लिहिलं आणि खाली सही केली. "बोलल्याप्रमाणे स्वीकारला," म्हणाले. "मामांना तुझ्या जागेवरून मुक्त केलं आहे." तेव्हा तू आता ॲपमध्ये 'स्वतः' नाहीस. त्याचं तुझं तू बघ.

कवळी पूर्ण परत मिळाली नाही. दात चष्मेवालाच बसवतोय, हिरड्या मी करतेय. चढलेल्या दातावरून दोघांत एकदा खडाजंगी झाली आणि आजींना बोलावून विचारायचं ठरलं. त्यांनी दोन्ही बघितलं आणि दुपारभर आम्हाला अर्धा प्रयोग म्हणून दाखवला. दात चढलेलाच ठेवायला सांगितला, पण चष्मेवाल्याइतका पांढरा. आम्ही दोघंही थोडे थोडे नाराज आहोत. तशीच नाराज मी रोज कामावर जातेय.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी गंभीर राहिल्या, मग रुमाल शोधायला उठल्या. तुझा महिन्याभराचा आलेख त्यांनी वेगळा काढून ठेवलाय. म्हणाल्या, ह्या गृहस्थांनाही कधीतरी भेटायला आवडेल.

मालकांनीही तो आलेख बघितला. त्यांचं म्हणणं, एवढा राग रोज गिळणारा माणूस झोपेत दात खातच असणार, मामींना विचार. मामीला फोन केला. (तिच्याशी टपालाने बोलायचं असं काही ठरलेलं नाही.) ती म्हणाली, खातात म्हणजे काय, सुपारी फुटल्यासारखा आवाज येतो, मी बाहेरच्या खोलीत झोपते. त्यावर झोपताना दातांवर बसवायचं एक मऊ झाकण असतं. ते मी करणार आहे, लॅबतर्फे, माझ्या हातचं.

रविवारी माप घ्यायला येतेय. तोंडात गार लगदा भरलेला ट्रे असेल, तो घट्ट होईपर्यंत तुला एक अक्षर बोलता येणार नाही. तेवढ्या वेळात मी तुला जे काय सुनवायचंय ते सगळं सुनवणार आहे. बरंच आहे, आणि मी अजून तितकीच चिडलेली आहे. सकाळच्या गाडीने येते. मामीला सांग, दोन दिवस राहीन.

ठिणगी